दोन ते दोन दहा

ता. १३, सोमवार

पत्र आलं. एकतीस तारखेनंतर ऐकणाऱ्यांची गरज नाही, यापुढे यंत्र ऐकेल. 'आपल्या नऊ वर्षांच्या बिनचूक कामाबद्दल आभार' — आणि वर तारीख मात्र मागच्या महिन्याची! लाल शाईने तिच्याभोवती गोल केला. मग पत्राची घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवलं.

माझं काम नेमकं काय, हे ताईला नऊ वर्षांत समजलं नाही. शेजारी विचारतात तेव्हा मी 'रेडिओत आहे' म्हणते. त्यांना वाटतं मी बोलते. एकदा नीट लिहून ठेवते, नाहीतर एकतीसनंतर मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी सहा ते दुपारी दोन दहा मी रेडिओ ऐकते. राष्ट्रीय स्टेशन. गाणी नाहीत, दिवसभर नुसतं बोलणं. कोणता कार्यक्रम किती वाजून किती सेकंदांनी सुरू झाला, कधी संपला, आवाज कुठे खरखरला, हे छापील कागदावर शाईने लिहायचं. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ कोणीच बोललं नाही तर लिहायचं 'शांतता', आणि पुढे सेकंद. काय बोलले ते लिहायचं नाही. ते बाकीच्या देशासाठी.

दोन वाजता दुसरे ऐकणारे बसतात, रात्री दहापर्यंत. दोन ते दोन दहा दोघांनीही ऐकायचं, आपापल्या घरी, आपापल्या कागदावर. दोन दहाला मी फोन करते. तो ऑफिसमधून जोडला जातो, त्यामुळे त्यांचा नंबर मला माहीत नाही. नाव नाही, पत्ता नाही. मी माझ्या दहा मिनिटांच्या ओळी वाचते. ते त्यांच्या कागदाशी ताडून म्हणतात, "जुळलं." मी म्हणते, "सोपवलं." ते म्हणतात, "घेतलं." मग फोन खाली. अवांतर बोलायला मनाई आहे आणि सगळं टेप होतं.

रोजचे त्यांचे दोन शब्द. एकतीसनंतर तेही नाहीत. पत्र वाचल्यावर पहिलं हेच मनात आलं, नोकरीचं नंतर.

ता. १४, मंगळवार

जुळलं. घेतलं. मागे कपात चमचा फिरत होता.

ता. १६, गुरुवार

आजचा दिवस जसा गेला तसा लिहिते.

सहाला समुद्रावरचं हवामान. मी समुद्र एकदाच पाहिलाय, तोही बसच्या खिडकीतून, पण उत्तरेच्या किनाऱ्याला लाटा किती उंच हे मला रोज सकाळी चहाआधी माहीत असतं. मग बातम्या, मग बाजारभाव. बाजारभाव वाचणाऱ्या बाईंना चार दिवस सर्दी आहे, कोणी सुट्टी देत नाही वाटतं. आठला 'सकाळचा प्रश्न'. तीन विद्वान एकदम बोलतात आणि चौथा 'मला बोलू द्या' म्हणत बोलतो. त्या कार्यक्रमात शांतता कधी सापडायची नाही.

नऊला डॉक्टरांचा सल्ला. श्रोते फोन करतात. नऊ एक्केचाळीसला एका माणसाने विचारलं, "डॉक्टर, एकट्याने जेवायला बसलं की घास उतरत नाही. दुकानात चारचौघांत खाल्लं तर उतरतो." डॉक्टर म्हणाले, सावकाश चावा, मध्ये मध्ये पाणी प्या. पुढचा फोन. मी लिहिलं, 'नऊ एक्केचाळीस, श्रोता चौथा, आवाज स्वच्छ.' खरंच स्वच्छ होता.

मग बागेचं, मग पत्रोत्तरं, मग बाराला शास्त्राची माहिती. आज मुंग्या होत्या. एकच्या बातम्या. दोन. जुळलं, घेतलं.

दोननंतर माझं फुकटचं ऐकणं सुरू होतं, सेकंद न मोजता. पाचला मुलांचा कार्यक्रम असतो, साडेआठला नाटिका. संध्याकाळी पाव आणायला खाली गेले. दुकानदार म्हणाला, "काय देऊ?" आणि माझा आवाजच फुटेना. घसा खाकरून दुसऱ्यांदा बोलले. तेव्हा ध्यानात आलं, सकाळपासून मी फक्त पाच ओळी आणि एक 'सोपवलं' बोलले होते. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं नाही का बाई?" मला फार लाज वाटली.

ता. १९, रविवार

रविवारी बदलीचे लोक ऐकतात. मला सुट्टी, म्हणून रेडिओ आपला लावून बसते. खाणावळीच्या आचाऱ्याने सुट्टीच्या दिवशी घरी स्वयंपाक करावा तशी गत.

ताईचा फोन एकच्या बातम्यांत. नेहमी बातम्यांतच करते. आठ महिने झाले तिला मुलाकडे जाऊन, त्याआधी एकवीस वर्षं आम्ही दोघी याच दोन खोल्यांत होतो.

"तुझं तीन तारखेचं तिकीट काढलंय. सोमवार आहे, गर्दी नसते," म्हणाली.

"मी येते म्हटलं कधी?"

"नाही तरी कधी म्हणालीस? हॉलमध्ये दिवाण आहे, उशी तुझी तू आण. आणि हे बघ, रेडिओ नको आणूस हं. सूनबाईचं डोकं दुखतं."

"मग मी दिवसभर काय करू?"

"अगं, माणसांशी बोल की घड्याळबाई! त्या डब्याशी लग्न लावलंयस का?"

मग ती भाच्याच्या बढतीबद्दल, गुडघ्याबद्दल आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या भांडणाबद्दल बोलली. सवयीने मोजलं, अकरा मिनिटं. त्यात मी पाच वेळा 'हो' म्हटलं. ताई वाईट नाही. तिला माझी काळजी आहे, आणि तिच्या घरात मी एका दिवाणावर बसून 'हो' म्हणत म्हातारी होईन हेही मला स्पष्ट दिसतं.

तिकिटाला नाही म्हणायला कारण काय सांगू? इथे कोण आहे माझं, असं ती विचारेल. खरंच आहे.

ता. २१, मंगळवार

'दुपारच्यां'बद्दल मला काय काय माहीत आहे? (मी मनात त्यांना दुपारचे म्हणते.)

त्यांच्या घरात ठोक्यांचं घड्याळ आहे आणि ते पाच मिनिटं पुढे आहे. मी ओळी वाचत असतानाच त्याचा सव्वादोनचा ठोका पडतो. सेकंद मोजणाऱ्या माणसाच्या घरात चुकीचं घड्याळ! याचं मला अनेक वर्षं हसू येतं. एकदा ते शिंकले होते, सहा वर्षांपूर्वी. मी काहीच बोलले नाही.

पहिली सहा वर्षं मागून एक बाई हाक मारायच्या, "चहा ओतलाय हो." रोज, न चुकता. मग एका थंडीत दुपारचे सहा दिवस आले नाहीत, बदलीचा माणूस होता. सातव्या दिवशी आले. "घेतलं" म्हणाले, पण तो आवाज निराळा होता. हाक त्यानंतर कधी आली नाही. तेव्हापासून चहा ते स्वतःच ढवळतात, फोन कानाला लावून.

त्या दिवशी मी "सोपवलं" हा शब्द जरा सावकाश म्हटला. तेवढंच करता आलं. तीन वर्षं झाली, अजून टोचतं.

ता. २२, बुधवार

रजिस्टरवाल्यांना फोन केला. आमचे कागद तपासणारे ते एकटेच उरलेत ऑफिसात. म्हटलं, दुपारच्यांचं नाव तरी सांगा.

"बाई, नियम माहीत आहे ना तुम्हाला? ओळख झाली की लोक आधीच कागद जुळवून घेतात."

"आता नऊ दिवसांत काय जुळवणार आहोत आम्ही?"

"नियमाला शेवटचे नऊ दिवस नसतात." मग जरा मवाळ झाले. "भेटायचा एकच रस्ता आहे. नववं कलम. कागद जुळला नाही, तर दोघांनी आठवड्याच्या आत समक्ष यायचं आणि माझ्या टेबलाशी बसून वाद मिटवायचा. बाकीच्या जोड्या महिन्यातून एकदा येतात, चहा पिऊन जातात. तुम्ही दोघं एकदासुद्धा आला नाहीत. तुमच्यासाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर मी फायली ठेवतो."

"आणि शेवटच्या आठवड्यात जुळला नाही तर?"

"तरी यावंच लागेल. न जुळलेल्या कागदावर मला फाइल बंद करता येत नाही." हसले. "पण तुमच्याकडून कसलं चुकतंय!"

नऊ वर्षं जीव ओतून बिनचूक काम केलं, आणि चुकणारे लोक तिथे बसून चहा पीत होते.

ता. २४, शुक्रवार

नववं कलम डोक्यातून जात नाही.

एक ओळ. फक्त एक खोटी ओळ हवी. 'शांतता', आणि एक आकडा. दुपारचे म्हणतील "जुळत नाही", आणि दोघांना बोलावणं येईल. माझ्या नावावर काळा शेरा पडेल, 'बिनचूक' शब्द जाईल. तो शब्द घेऊन मी ताईच्या दिवाणावर करणार काय, हा भाग निराळा. पण मी शाळेतही कधी दुसऱ्याच्या वहीत डोकावले नाही. चांगली होते म्हणून नव्हे, भित्री होते.

ता. २६, रविवार

पोस्टाने तिकीट आलं. खिडकीजवळची जागा आहे. आज सुट्टी, तरी दोन दहाला फोनशेजारी उभी होते.

ता. २७, सोमवार

पेन हातात होतं. दोन सहाला टोक कागदाला लावलंसुद्धा, शाईचा ठिपका पडला. तो ठिपका मी वाचताना सोडून दिला.

जुळलं. घेतलं.

स्वतःचा राग येतो.

ता. २८, मंगळवार

लिहिलं.

दोन पाचला दुपारचं वाचन सुरू होतं. सध्या मधमाश्या पाळणाऱ्या एका माणसाच्या आठवणी चालू आहेत. वाचणारे गृहस्थ आज असे धडाधड वाचत होते की श्वासालासुद्धा थांबत नव्हते. त्यांचं पोळं, राणीमाशी, धूर सगळं चालू असताना मी स्वच्छ अक्षरात लिहिलं — दोन सहा वीस, शांतता, बारा सेकंद. या खेपेला ठिपकासुद्धा पडला नाही. याचंच नवल वाटलं.

फोन लावला. वाचलं, "दोन वाजता टोले. दोन तीन दहा, हवामान. दोन चार पाच, घोषणा. दोन पाच, वाचन सुरू. दोन सहा वीस, शांतता, बारा सेकंद."

चमचा थांबला.

त्यांच्या घड्याळाचा ठोका पडला. तिकडेही रेडिओत वाचन चालूच होतं, माझ्या रेडिओपेक्षा किंचित मागे. मी मोजत होते. सात सेकंद. आता म्हणतील, आता म्हणतील.

"जुळलं," ते म्हणाले.

मी 'सोपवलं' म्हणायचंच विसरले. ते थांबून राहिले. शेवटी कसंबसं म्हटलं. "घेतलं," म्हणाले, आणि फोन खाली.

ते खोटं बोलले. माझ्यासाठी. कागद शाईने आधीच लिहिलेला असतो, म्हणजे त्यांना नंतर ती ओळ दोन ओळींमध्ये घुसवावी लागली असणार. त्यांना वाटलं असेल, बाईंचे कान गेले, आता शेवटच्या तीन दिवसांत कशाला काळा शेरा. ज्या माणसाने नऊ वर्षांत एक सेकंद इकडचा तिकडे केला नाही, त्याने बारा सेकंद माझ्या पदरात टाकले. रडू आलं. मग रागही आला. मी जन्मात पहिल्यांदा धाडस केलं आणि या भल्या माणसाने ते सांभाळून घेतलं! कोणी सांगितलं होतं?

ता. २९, बुधवार

दोन दहाचा फोन झाल्यावर रजिस्टरवाल्यांना विचारलं, कालचे कागद जुळले का.

"तंतोतंत. दोघांकडे बारा सेकंद शांतता. पण चाचणीला लावलेल्या यंत्राला ती दिसली नाही. यंत्रवाल्याला साहेबांनी सकाळपासून उभं केलंय. तुम्ही दोघं बरोबर म्हणजे यंत्र चूक, असं चाललंय इथे."

हे काही मी धरलं नव्हतं. म्हटलं, "यंत्र बरोबर आहे. शांतता नव्हती. मी चुकले."

"आणि दुसरे? तेही नेमके त्याच सेकंदाला चुकले?"

मी खरं बोलले तर ते खोटे ठरतात, हे बोलून गेल्यावर सुचलं.

रजिस्टरवाल्यांनी फाइल मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बाई, जुळलेला कागद मी उघडत नाही. जुळलं की माझं काम संपलं. यंत्रवाल्याला सांगतो, तुझं यंत्र ठीक आहे, जा घरी. आणि तुम्ही दोघं आता दोन दिवस नीट पार पाडा."

म्हणजे आता पुन्हा खोटी ओळ लिहायचीही सोय उरली नाही. लिहिली तरी ते पुन्हा सांभाळून घेतील, आणि पुन्हा कुणाला तरी त्याचा ताप.

आज जुळलं, घेतलं. नेहमीसारखं.

ता. ३०, गुरुवार

बोलले! नियम मोडला.

ओळी वाचल्या. "जुळलं," ते म्हणाले. इथे माझं 'सोपवलं' यायचं. त्याऐवजी म्हटलं, "परवाची शांतता नव्हती."

चार सेकंद गेले.

"मला वाटलं, तुमच्या हातून चुकून लिहिलं गेलं," ते म्हणाले. सात शब्द. पूर्ण वाक्यात त्यांचा आवाज मी कल्पना केली होती त्याहून हलका आहे.

"चुकून नाही. मुद्दाम लिहिली."

"मुद्दाम?"

"हो."

"का?"

हे मात्र मी सांगितलं नाही. फोन टेप होतोय, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं ते कारण नव्हतं. साठीला आलेल्या बाईने कोणत्या तोंडाने सांगायचं की तुम्हाला बघायचं होतं म्हणून? तीन वर्षांपूर्वी तुमच्या घरातली हाक बंद झाली तेव्हा मी काही बोलले नाही, ते बोलायचं होतं म्हणून?

"सोपवलं," म्हटलं.

चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला. "घेतलं."

दुपारभर सामान बांधलं. बांधण्यासारखं फारसं नाहीच. उशी बांधली. रेडिओ खालच्या शिंप्याला द्यायचं ठरवलंय, तो म्हणाला आहे की मशीनच्या आवाजात ऐकू येईल तेवढं ऐकेन. संध्याकाळी नाटिका लावली नाही. त्यांनी विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही. याहून मोठी चूक माझ्या हातून या नऊ वर्षांत झालेली नाही, आणि ती कुठल्या कागदावर येणार नाही.

ता. ३१, शुक्रवार

शेवटचा कागद. समुद्र शांत होता. बाजारभाववाल्या बाईंची सर्दी गेली. दोन ते दोन दहामध्ये चारच ओळी, शांतता नाही, एकही सेकंद इकडेतिकडे नाही. फोन लावला, सावकाश वाचल्या. आज चमचा वाजत नव्हता. घड्याळाचा ठोका पडला.

"जुळत नाही," दुपारचे म्हणाले.

मी विचारलं, "कोणती ओळ?"

"ते टेबलाशी बसून बघू. नवव्या कलमाने यावं लागेल ना आपल्याला? सोमवारी सकाळी जमेल?"

जमेल म्हटलं. मग ताईला फोन करून तीन तारखेचं तिकीट रद्द करायला सांगितलं.